आधी नक्कल, मग दुरुस्ती

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



या भाषणाचं निमंत्रण आलं तेव्हा कार्यक्रमाच्या बाईंना वाटलं होतं, मी कवितेवर बोलेन. मी म्हटलं, या वेळी कॉम्प्युटरवर बोलतो. मंदावलेला कॉम्प्युटर पुन्हा चालता कसा करायचा, यावर. फोनवर जरा शांतता पसरली. मग त्यांनी अगदी अदबीनं विचारलं, 'सर, तुमचं शिक्षण काय म्हणालात?' मी म्हटलं, 'बी. ए., मराठी. पण मॅडम, दम्यावर बोलायला डॉक्टरच लागतो असं नाही. दमेकऱ्यालाही दोन गोष्टी ठाऊक असतात.'

तर ही दमेकऱ्याची हकिगत आहे.

आमच्या घरी टेबलावरचा एक कॉम्प्युटर आहे. २०१४ साली सुटे भाग जोडून करून घेतलेला. ज्या उभ्या पेटीला सगळा गाव 'सीपीयू' म्हणतो तिच्यात इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्डडिस्क. खरं तर सीपीयू म्हणजे आतला तो बिस्किटाएवढा प्रोसेसर, आख्खी पेटी नव्हे. पण गावाशी कोण भांडणार? जोडून देणारा म्हणाला होता, 'सर, कवितेसाठी हे खूप झालं.' खूप होतंच. पाच-सहा वर्षं कसली तक्रार नव्हती.

या पेटीत माझ्या कविता आहेत, वाचनालयाच्या कामाची पत्रं आहेत, लेकीच्या लग्नाचे फोटो आहेत. आणि 'अम्मी' नावाचं एक फोल्डर आहे. माझी आई मिरजेजवळच्या एका खेड्यात वाढली. आमच्या घरात बोलणं दखनी, पण जात्यावर बसली की अम्मीच्या तोंडी मराठी ओव्या यायच्या. भोवतीच्या बायांबरोबर दळता दळता शिकलेल्या. त्या ओव्यांत विठोबा आणि पीरसाहेब शेजारी-शेजारी बसलेले असायचे, आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. २०१६ ते २०१८ या काळात, दुपारची झोप झाली की ती माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसायची, सांगायची, आणि मी टाइप करायचो. एका बैठकीत सात-आठ ओव्या, एका बैठकीची एक फाइल. अशा एकोणीस फाइली झाल्या. वहीत काही उतरवलं नाही. आवाजही भरून ठेवला नाही. रेडिओच्या खोलीत बसून हे कबूल करताना लाज वाटते. २०१९ मध्ये अम्मी गेली.

त्यानंतर कधीतरी कॉम्प्युटर मंदावायला लागला. एकदम नाही. म्हाताऱ्या माणसाचं चालणं जसं आपल्या लक्षात न येता हळू होतं, तसं. आधी सुरू व्हायला मिनिट लागायचं, मग दोन. २०२४ च्या रमजानमध्ये मी सेहरीला उठून आधी त्याचं बटण दाबत असे, मग तोंड धुऊन, जेवून, चहा पिऊन येत असे. तरी पडद्यावर तो ठिपक्यांचा गोल फिरतच असायचा. एकदा घड्याळ लावून पाहिलं. साडेसहा मिनिटं. फाइल उघडायची म्हटलं की पुन्हा थांबा. मध्येच सगळं जागच्या जागी गोठायचं. बायको म्हणाली, 'तुमच्या त्या डब्यापेक्षा आमची चूल लवकर पेटायची. ओली लाकडं असली तरी.'

सल्ले भरपूर मिळाले. आपल्याकडे दोन गोष्टींवर सल्ला फुकट असतो, गुडघेदुखी आणि कॉम्प्युटर. एका दुकानात सांगितलं, 'फॉरमॅट मारून विंडोज नव्यानं टाकू, दोन तासांत देतो.' दुसऱ्या दुकानात सांगितलं, 'दहा वर्षांचं मशीन? भंगारात घाला, नवीन घ्या.' फॉरमॅट हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. २००९ मध्ये आमचा आधीचा कॉम्प्युटर असाच एका दुकानात दिला होता. संध्याकाळी परत आणला तर कसा लख्ख! आत काहीच नव्हतं. दुकानदारानं न विचारता सगळं पुसून टाकलं होतं, आणि विचारायचं असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. एका हिवाळ्याच्या कविता गेल्या. त्या चांगल्या होत्या असं मी म्हणत नाही, पण माझ्या होत्या.

म्हणून या वेळी दुकानात न देता मी स्वतःच डॉक्टर झालो. तीन उद्योग केले, तिन्ही चुकीचे. ते सांगतो, म्हणजे तुमचे तरी वाचतील.

पहिला उद्योग असा की 'तुमचा कॉम्प्युटर दुप्पट वेगवान करा' अशी जाहिरात आली, ते सॉफ्टवेअर घेतलं. त्यानं दोन मिनिटं खुडबुड करून सांगितलं, आपल्या कॉम्प्युटरमध्ये बाराशेच्या वर चुका आहेत, दुरुस्त करायच्या तर पैसे भरा. बाराशे! मी ऑफिसात इतक्या चुका तीस वर्षांत केल्या नाहीत. विंडोजची रजिस्ट्री नावाची एक नोंदवही असते. ती साफ करून देतो म्हणणारी ही सॉफ्टवेअरं. त्या नोंदवहीतल्या शे-दोनशे निकामी ओळी काढल्यानं वेग वाढत नाही, मात्र चुकून कामाची ओळ गेली तर विंडोज लंगडं होतं. खुद्द मायक्रोसॉफ्टही असल्या सॉफ्टवेअरांना पाठिंबा देत नाही. मी पैसे भरले नाहीत, पण ते सॉफ्टवेअर माझ्याकडेच मुक्कामाला राहिलं आणि रोज सुरुवातीलाच उठून बसायला लागलं. म्हणजे वेग आणखी कमी.

दुसरा उद्योग म्हणजे अँटिव्हायरस होतं, तरी आणखी एक टाकलं. एका दारावर दोन पहारेकरी ठेवले की ते आधी एकमेकांची झडती घेतात. उघडणारी प्रत्येक फाइल दोघंही तपासणार. विंडोज १० मध्ये त्याचा स्वतःचा पहारेकरी असतोच. सर्वसाधारण घराला तो पुरतो.

आणि तिसरा उद्योग सगळ्यांत महागात पडला. फार वर्षांपूर्वी, पुरवण्यांत 'कॉम्प्युटर-मित्र' छापाची सदरं यायची तेव्हा, वाचलं होतं की वेग कमी झाला तर डीफ्रॅग करावं. म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र आणून ठेवावेत. त्या काळी सल्ला बरोबर होता. पण विंडोज व्हिस्टापासून हे काम विंडोज आपलं आपण, ठरल्या वेळी करतं. मला ते माहीत नव्हतं. मी दोन रात्री डीफ्रॅग लावून झोपलो. दुसऱ्या रात्री, पहाटेच्या शांततेत, पेटीतून आवाज आला. टक्... टक्-टक्. मग थांबला. मला वाटलं, काम चांगलं चाललंय.

माझा भाचा सांगलीत कॉम्प्युटर-दुरुस्तीचं काम करतो. ईद आठ दिवसांवर आली होती, त्याच्याकडे गर्दी होती, तरी रविवारी आला. आल्याबरोबर पेटी उघडेल असं मला वाटलं होतं. तो आधी नुसता बसला आणि कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. पडद्यावर एक तक्ता आला. त्याला टास्क मॅनेजर म्हणतात. कोण किती काम करतोय, याचा हजेरीपट. भाचा म्हणाला, 'मामू, हे बघा. प्रोसेसर सात टक्के. म्हणजे तुमचा हुशार माणूस बसून आहे. रॅम ऐंशी टक्के, जरा दाटीवाटी आहे. आणि डिस्क बघा. शंभर टक्के. सगळे हिच्यासाठी थांबलेत.'

श्रोतेहो, हे एवढं एकच घरी जाऊन बघा. मशीन हळू झालं की आपण म्हणतो, म्हातारं झालं. पण प्रोसेसर असा म्हातारा होत नाही. गणित करायचा त्याचा वेग दहा वर्षांपूर्वी होता तेवढाच आज असतो. तो हळू वाटतो, कारण तो कशाची तरी वाट बघत असतो. कशाची, ते या तक्त्यात दिसतं. आणि फक्त इंटरनेटच हळू असेल, बाकी फाइली पटापट उघडत असतील, तर दोष बहुधा पेटीत नाही, जोडणीत आहे. तेवढ्यासाठी पेटी खोलू नका.

डिस्कची वाट का बघावी लागते, हे मला माझ्या वाचनालयामुळे समजलं. अठ्ठावीस वर्षं मी तिथं काम करतो. समजा, टेबलाशी एक अतिशय भराभर वाचणारा वाचक बसलाय. हा प्रोसेसर. त्याचं टेबल म्हणजे रॅम. टेबलावर जेवढी पुस्तकं मावतील तेवढी त्याच्या हाताशी. आणि मागच्या गोदामातली कपाटं म्हणजे हार्डडिस्क. तिथून पुस्तक आणायला एकच शिपाई. वाचकानं एक जाडजूड ग्रंथ मागितला तर शिपाई एका फेरीत आणून देतो. पण त्यानं चारशे पातळ पुस्तिका मागितल्या, आणि त्याही चारशे वेगळ्या कपाटांतल्या, तर? वाचक बोटं मोडत बसणार. कॉम्प्युटर सुरू होताना नेमकं हेच होतं. हजारो बारक्या बारक्या फाइली मागितल्या जातात.

आता त्या शिपायाची चाल बघा. हार्डडिस्कमध्ये ग्रामोफोनच्या रेकॉर्डसारख्या चकचकीत तबकड्या असतात. साध्या डेस्कटॉपमध्ये त्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात. म्हणजे सेकंदाला १२० आणि एका फेऱ्याला सुमारे ८ मिलिसेकंद. वर एक हात असतो, त्याच्या टोकाशी वाचणारी सुई, तबकडीला न टेकता तरंगणारी. हात योग्य जागी सरकायला साधारण ८-९ मिलिसेकंद, मग हवा तो भाग फिरून खाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे आणखी ४. एका वाचनाला बारा-तेरा मिलिसेकंद झाले. सेकंदात ७५ ते ८० फेऱ्या, त्याहून जास्त नाहीत. ऐकायला भरपूर वाटतात, पण हजारो पुस्तिका आणायच्या असतील तर मिनिटं जातात. त्यात टेबल लहान, म्हणजे रॅम कमी असेल, तर टेबलावरची पुस्तकं पुन्हा गोदामात नेऊन ठेवायची आणि लगेच पुन्हा आणायची, ही हमालीही त्याच शिपायाच्या गळ्यात.

हे सगळं भाचा मला सांगत होता, मी मान डोलवत होतो, आणि तेवढ्यात पेटी बोलली. टक्. टक्-टक्.

त्याचा हात थांबला. 'मामू, हा आवाज कधीपासून?' मी म्हटलं, 'चार-पाच दिवस झाले. डीफ्रॅग लावलं तेव्हापासून.' त्यानं पेनड्राइव्हमधून एक लहानसं फुकट सॉफ्टवेअर चालवलं. हार्डडिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते, हे मला तेव्हा कळलं. खराब झालेल्या किती जागा तिनं बाजूला टाकल्या, किती जागा वाचताना अडखळल्या, सगळं. त्या सॉफ्टवेअरनं ती नोंद वाचली आणि पिवळ्या रंगात सावधगिरीचा इशारा दिला. अडखळलेल्या जागांचा आकडा शून्य असायला हवा. तो शून्य नव्हता.

मंद होणं हे नुसतं मंद होणं नव्हतं. तबकडीवरचा एखादा भाग वाचता आला नाही की डिस्क पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा, पुन्हा. आपल्याला बाहेरून फक्त फिरणारा गोल दिसतो. आत ती धडपडत असते. आणि मी दोन रात्री तिच्याकडून गोदामातलं प्रत्येक पुस्तक उचलून इकडचं तिकडे करवलं होतं.

भाच्यानं सरळ बजावलं, 'आता ह्याच्यावर काही टाकायचं नाही, काही दुरुस्त करायचं नाही, डिस्क तपासायची आज्ञासुद्धा द्यायची नाही. आधी नक्कल, मग दुरुस्ती. मामू, ह्यातलं काय गेलं तर तुम्ही रडाल?'

असा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, 'अम्मी.' त्याला क्षणभर समजलं नाही, मग फोल्डरचं नाव दिसलं. त्याचीही ती नानी.

आधी ते फोल्डर, मग कविता, मग फोटो, आणि सिनेमे-गाणी सगळ्यांत शेवटी, वेळ उरला तर. याला क्रम असतो, कारण आजारी डिस्क किती वेळ साथ देईल ते सांगता येत नाही. एकोणीसपैकी सोळा फाइली सेकंदात आल्या. तीन येईनात. नक्कल अर्ध्यावर जायची आणि अडकायची. मग त्यानं कॉम्प्युटर बंद केला, पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, म्हणजे त्या डिस्कवरचं विंडोज उठायलाच नको, आणि एक असा प्रोग्राम लावला की जो आधी चांगल्या जागांची नक्कल करून घेतो, खराब जागा सोडून पुढे जातो आणि शेवटी त्या खराब जागांकडे पुन्हा पुन्हा वळतो. रात्रभर ते चाललं. मी जागाच होतो. सेहरीच्या वेळी तिघांपैकी एक फाइल पूर्ण मिळाली. दोन मिळाल्या नाहीत. उघडल्या, पण आत नुसती रिकामी जागा.

पंधरा-सोळा ओव्या त्यात असाव्यात.

भाचा म्हणाला, 'डेटा काढून देणारे मोठ्या शहरांत असतात, डिस्क उघडून काढतात, पण खर्च फार येतो आणि खात्री नसते.' मी नको म्हणालो. बरोबर केलं की चूक, ते अजून ठरवता आलेलं नाही. ती डिस्क मात्र टाकलेली नाही, कपाटात आहे.

दुरुस्ती त्यानंतर एका दुपारीच झाली, आणि ती फार सोपी होती, हेच मनाला लागलं. मी मिरजेचा माणूस. आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याचा आवाज बसला तर कुणी तंबोरा मोडीत काढत नाही. तारेनं घोडीवर चर पडलेले असतात, कारागीर ती घोडी घासून पुन्हा जवारी काढून देतो, आणि भोपळा तोच, दांडी तीच, तारा पुन्हा बोलायला लागतात. माझ्या पेटीचंही तसंच झालं. भाच्यानं हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली. हीसुद्धा साठवणीचीच जागा, पण हिच्यात फिरणारं काही नाही, सरकणारा हात नाही, सगळं चिपवर. जिथं शिपायाला बारा-तेरा मिलिसेकंद लागत होते तिथं हिला मिलिसेकंदाचा दहावा भागही पुष्कळ होतो. वायरी त्याच, जागा तीच, आकारानं पत्त्यांच्या कॅटापेक्षा थोडी मोठी आणि चपटी. विंडोज नव्यानं टाकलं. त्याचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्यानं डिस्क बदलली तरी तो पुन्हा आपोआप ओळखला गेला.

रॅम ४ ची ८ जीबी केली. इथं एक काळजी घ्या. जुन्या मशीनला जुन्या जातीचीच रॅम लागते. माझ्या मशीनला डीडीआर-थ्री लागते, तिच्या खाचेत डीडीआर-फोर बसतच नाही. दुकानात जाताना जुनी पट्टी काढून बरोबर न्यावी, ब्लाउजपीसला मॅचिंग अस्तर आणायला नेतात तशी. मला २०२४ मध्ये दोन्ही मिळून नव्या मशीनच्या दहाव्या हिश्शाइतकाही खर्च आला नाही. २०२५ च्या अखेरीला मेमरीचे भाव बरेच चढले, तेव्हा भाव विचारूनच निघा. आणि एकच काहीतरी घेणं परवडत असेल, हार्डडिस्क फिरत्या तबकडीची असेल आणि निदान ४ जीबी रॅम असेल, तर आधी एसएसडी.

पेटी उघडलेलीच होती, म्हणून धूळही काढली. दहा वर्षांची धूळ काय असते ते मी सांगत नाही, तुम्ही जेवत असाल. प्रोसेसरवरचा पंखा तिनं चोंदला की प्रोसेसर तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून तो आपला वेग स्वतःच उतरवतो. म्हणजे इथं खरोखरच हुशार माणूस हळू होतो. प्लग काढून, पंख्याचं पातं बोटानं धरून, ब्लोअरनं हवा मारायची. ओला फडका मुळीच नको. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल, ज्याच्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, तोही बदलला. कारण रोज सकाळी माझं मशीन भलत्याच वर्षात जागं व्हायचं, आणि तारीख चुकली की बऱ्याच वेबसाइट उघडायला नकार देतात.

शेवटी तोच हजेरीपट पुन्हा उघडून त्यातलं 'स्टार्टअप' नावाचं पान बघितलं. कॉम्प्युटर सुरू होताच न बोलावता कोण कोण येतं, त्याची ती यादी. नव्यानं टाकलेल्या विंडोजमध्येही प्रिंटरवाला, गाणीवाला, व्हिडिओ-कॉलवाला असे पाच-सहा जण पंधरा दिवसांत परत येऊन बसले होते. त्यांना तिथं बंद केलं म्हणजे ते पुसले जात नाहीत, हाक मारली की येतात. फक्त अँटिव्हायरसला तिथं हात लावू नये.

बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत आता पंचवीस सेकंद लागतात. बायकोनं चुलीची उपमा मागे घेतलेली नाही, पण तिचं जुनं मशीन-पुराण बंद झालं आहे.

एक गोष्ट वेगाची नाही, तरी सांगायला हवी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील, अशी मुदतवाढ ठेवली. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. माझा चौथ्या पिढीचा आय-थ्री त्यात बसत नाही. धडधाकट मशीन नुसतं नियमात बसत नाही म्हणून भंगारात घालायचं, हे मला पटलं नाही. आम्ही त्याच एसएसडीवर शेजारी लिनक्स मिंट टाकलं. ते फुकट मिळतं आणि जुन्या मशीनवर हलकं चालतं. इंटरनेट, मेल, बँक सगळं तिकडून. विंडोज आता फक्त जुन्या लिखाणासाठी ठेवलंय आणि त्याचा इंटरनेटशी संबंध तोडलाय.

जुन्या लिखाणासाठी म्हणजे काय, तर माझं सगळं टाइपिंग जुन्या फाँटमधलं. त्या फाँटांत मराठी अक्षर हे दिसायला मराठी, आतून इंग्रजी चिन्ह. दुसऱ्या मशीनवर उघडलं की किडे-मुंग्या. भाच्यानं वाचवलेल्या ओव्या मी लेकीला पाठवल्या तर तिचा फोन आला, 'अब्बा, दादीनं हे कुठल्या भाषेत सांगितलं?' मग सगळं युनिकोडमध्ये बदलायला घेतलं. बदलून देणारे प्रोग्राम असतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्हीचं उलट. त्यामुळे काही ठिकाणी वेलांटी शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसते. एकेक ओवी डोळ्यांखालून घालावी लागली. दोन महिने लागले. आता त्यांच्या तीन नकला आहेत. एक मशीनमध्ये, एक लेकीकडे पुण्याला पेनड्राइव्हवर, आणि एक कागदावर छापून लोखंडी कपाटात. कारण एसएसडी कुरकुरत नाही, टक्-टक् करत नाही. ती जाते तेव्हा पुष्कळदा न सांगता जाते, असं भाचा म्हणतो.

राहिल्या त्या दोन फाइलींतल्या ओव्या. माझी मोठी बहीण जयसिंगपूरला असते. अम्मीबरोबर जात्यावर बसलेली आमच्या घरातली ती शेवटची. तिला मी विचारलं, तर म्हणाली, 'मला कुठं येतात?' आणि मग तासाभरानं तिचाच फोन आला, एक आठवली म्हणून. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी ती फोन करते. मी फोन टेबलावर ठेवतो, आवाज भरायचं बटण दाबतो आणि टाइप करायला बसतो. आपाला ओवी नुसती सांगता येत नाही, गळ्यातून चालीवरच येते. मी म्हणतो, 'आपा, जरा हळू.' ती म्हणते, 'हळू म्हटली तर विसरते रे.' फोनमधून तिच्या बांगड्या ऐकू येतात. हात फिरत असणार.

सहा मिळाल्या आहेत.